धाव नसलेलं चाक

मित्रहो, नमस्कार.

लहानपणी आमच्या गावात उन्हाळ्याच्या शेवटी एक काम हमखास निघायचं. कोरड्या हवेत लाकूड आक्रसायचं आणि बैलगाडीच्या चाकावरची धाव सैल पडायची. धाव म्हणजे चाकाच्या घेरावरचं लोखंडी कडं. इथल्या तरुण मंडळींपैकी अनेकांनी ते पाहिलंही नसेल. मृग लागायच्या आत ती धाव पक्की करायची असे. लोहार कडं तोडून बोटभर आखूड करायचा, पुन्हा जोडायचा, मग गोवऱ्यांच्या आगीत लालबुंद तापवायचा. दोघंतिघं जण सांडशीनं उचलून ते चाकावर बसवायचे आणि लगेच पाणी ओतायचे. वाफेचा लोट उठायचा, कडं आवळायचं, आणि तुंब्यापासून घेरापर्यंत सगळे आरे कुरकुरत आपापल्या जागी घट्ट व्हायचे. मी तिथं तासन्‌तास उभा असायचो. चाक या वस्तूचं वेड मला तिथं लागलं, आणि पुढची चाळीस वर्षं फिरणाऱ्या भागांच्या तपासणीत गेली, त्याचं मूळही तिथंच आहे.

आपल्या भाषेनं त्या कड्याला ‘धाव’ म्हटलं. जमिनीला टेकतं ते हेच, आणि पळणंही यालाच. आज मी ज्या गाडीबद्दल बोलणार आहे, ती जमिनीवर आजवर सर्वांत जास्त वेगानं धावलेली गाडी आहे, आणि तिच्या चाकांना धाव नाही. रबराचा टायर नाही, लोखंडाचं कडंही नाही. नुसतं ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं भरीव, घडीव चाक थेट वाळवंटाच्या मातीवर.

गाडीचं नाव थ्रस्ट एसएससी. १५ ऑक्टोबर १९९७ रोजी अमेरिकेच्या नेवाडा राज्यातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात अँडी ग्रीन या ब्रिटिश हवाई दलाच्या वैमानिकानं ती ताशी १२२८ किलोमीटर वेगानं चालवली. मापाचा एक मैल तिनं पाच सेकंदांच्या आत पार केला. पुण्याहून मुंबई दीडशे किलोमीटर धरली, तर हे अंतर सव्वासात मिनिटांचं. त्या सकाळच्या थंड हवेत आवाजाचा वेग साधारण १२०८ होता. म्हणजे ही गाडी आवाजाच्या पुढं गेली. वाळवंटाच्या कडेच्या गर्लाक गावात तो धडाका लोकांनी ऐकला. हा विक्रम अजून उभा आहे.

या गाडीविषयी कुणाला सांगायला गेलं की पहिला प्रश्न इंजिनाचा येतो. तो आधी निकालात काढू. फँटम लढाऊ विमानातली रोल्स-रॉइस स्पे जातीची दोन जेट इंजिनं दोन्ही बाजूंना बसवली होती. दोन्हींचा मिळून रेटा साधारण २२ टन, इंधनाचा खप सेकंदाला १८ लिटर. इंजिनं तयार मिळाली, विमानात वर्षानुवर्षं वापरून पारखलेली होती. ताकद विकत आणता येते. गाडी जमिनीशी कशी बांधून ठेवायची, हे मात्र कुठल्या दुकानात मिळत नाही, आणि साडेपाच वर्षं त्या मंडळींचं डोकं त्यात अडकलं होतं.

कारण नियमच असा आहे. विक्रमासाठी गाडीला किमान चार चाकं हवीत, त्यातली किमान दोन वळवता येणारी हवीत, आणि चालक आत बसून तिला हाकत असला पाहिजे. इंजिनानं चाकं फिरवलीच पाहिजेत, असं बंधन नाही. जेट मागं ढकलतं, चाकं नुसती फिरत राहतात. मग त्यांचं काम काय उरलं? जमिनीला धरून राहण्याचं. पण जमीन धरायची तर जमिनीच्या वेगानं फिरावं लागतं.

थ्रस्टच्या पुढच्या चाकाचा व्यास ३४ इंच. ताशी १२२८ किलोमीटरला ते मिनिटाला साडेसात हजार फेरे घेतं. घेरावरच्या कणाला बाहेर फेकणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या सत्तावीस हजार पटीचा. घेरावर एक ग्रॅम माती चिकटली, तर ती चाकाला सत्तावीस किलोनं बाहेर ओढते. करंगळीच्या पेराएवढा दहा ग्रॅमचा खडा पाव टनाहून जास्त ओढतो. आता तिथं रबर चढवून बघा. एकेका ग्रॅमला सत्तावीस किलोनं ओढलं जाणारं रबर चाकावर टिकेल कसं?

टायरवाल्यांनी हार मानली नव्हती, हे मात्र आदरानं सांगितलं पाहिजे. १९३५ साली माल्कम कॅम्पबेल युटाच्या बॉनव्हिल मिठागरावर ताशी ३०० मैलांच्या पुढं गेले ते टायरवरच. १९७० साली गॅरी गॅबेलिचची ब्लू फ्लेम ही रॉकेटवरची गाडी ताशी १०१४ किलोमीटरला पोहोचली, तीही गुडइयरच्या हवा भरलेल्या टायरवर. त्या टायरांना जाड नक्षी नव्हती. जितकं रबर कमी तितका फेकला जाणारा भार कमी, म्हणून नायलॉनच्या थरांवर रबराची पातळ साय. माझ्या दृष्टीनं ते टायर या सबंध इतिहासातलं एक मोठं काम आहे, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. पण त्यापुढं जाणं रबराला जमणारं नव्हतं. १९८३ साली रिचर्ड नोबल थ्रस्ट-टू या गाडीतून ताशी १०१९ किलोमीटरला पोहोचले, तेव्हा तिच्याखाली भरीव ॲल्युमिनियमची चाकं होती.

बरं, रबर काढलं म्हणजे सुटलो का? नाही. आता धातूला स्वतःचंच वजन भारी पडतं. एक पातळ कडं घ्या आणि त्याच्या घेराला सेकंदाला ३४१ मीटरचा वेग द्या. ॲल्युमिनियमच्या त्या कड्यात दर चौरस मिलिमीटरला सुमारे ३२ किलोचा ताण येतो. ज्या ॲल्युमिनियमची आपण पातेली वापरतो, ते इतक्या ताणाला केव्हाच फाटेल. आणि यातली गंमत बघा, कडं मोठं करा की लहान, हा ताण बदलत नाही. तो घेराच्या वेगावर आणि धातूच्या घनतेवर ठरतो. मोठं चाक केलं तर फेरे कमी होतात, बेअरिंगला आराम मिळतो, पण कड्याची सुटका होत नाही. म्हणून मग चकती मध्यावर जाड आणि कडेला पातळ करत नेतात, म्हणजे आतला भाग बाहेरच्याला धरून ठेवतो. आणि ती चकती ओतीव चालत नाही, घडीवच लागते. ओतकामात कुठंतरी हवेचा बुडबुडा राहतो, टाचणीच्या टोकाएवढा. साध्या गाडीत तो आयुष्यभर गप्प बसेल. इथं तोच तडा जायची जागा होतो. फोर्जिंगच्या दाबाखाली धातूची वीण आवळते आणि आकाराप्रमाणं वळते. पुण्याच्या परिसरात फोर्जिंगवर पोट भरणारी हजारो घरं आहेत. त्यांना मी हे काय सांगावं!

फुटलेलं चाक काय करतं, ते मी एकदा पाहिलंय. नोकरीच्या पहिल्या वर्षी आमच्या शेडमध्ये एक ग्राइंडिंग व्हील फिरता फिरता फुटलं. फेरे तीन हजारांच्या आतले, व्यास हातभर. एक तुकडा पत्र्याच्या छतातून आरपार गेला. मशीनवरचा माणूस चहाला गेला होता म्हणून वाचला. आम्ही सगळे बराच वेळ त्या भोकातून दिसणाऱ्या आभाळाकडं बघत होतो. त्या दिवसापासून फिरणाऱ्या कुठल्याही वस्तूच्या रेषेत मी उभा राहत नाही, घरच्या मिक्सरच्यासुद्धा.

या क्षेत्रानं याची किंमत मोजली आहे. वेल्समध्ये पेंडाइन नावाचा लांबच लांब वाळूचा किनारा आहे. १९२०च्या दशकात वेगाचे विक्रम तिथं व्हायचे. ३ मार्च १९२७ रोजी जे. जी. पॅरी-थॉमस हा अत्यंत हुशार अभियंता आपली ‘बॅब्ज’ ही गाडी घेऊन तिथं उतरला आणि गाडी पळवतानाच मरण पावला. गाडीची साखळी तुटून त्याला लागली, असं त्या वेळी सगळ्यांनी मानलं. मित्रांनी गाडी तिथंच वाळूत पुरली. १९६९ साली, म्हणजे बेचाळीस वर्षांनी, ती उकरून काढली आणि हळूहळू दुरुस्त केली, तेव्हा संशयाची सुई मागच्या उजव्या चाकाकडं वळली. चाक आधी गेलं असावं. पेंडाइन हे नाव लक्षात ठेवा, थोड्या वेळानं मी पुन्हा तिथं येणार आहे.

आता चाकाखालची जमीन. अशा गाडीला रस्ता चालत नाही. भरीव धातूचं चाक डांबरावर ठेवलं तर घसरेल, थरथरेल. तिला हवी असते आटलेल्या तळ्याची तळजमीन. पावसाळ्यात उथळ पाणी साचतं, बारीक गाळ खाली बसतो, उन्हाळ्यात पाणी उडून जातं आणि मैलोन्‌मैल सपाट, करकरीत मातीचा थर उरतो. बॉनव्हिल मिठाचं आहे. तिथलं मीठ कठीण, धातूच्या चाकाला त्यात नीट पकड मिळेना, आणि पावसानंही घात केला. म्हणून नोबलची मंडळी १९८२मध्ये ब्लॅक रॉकला गेली. तिथली माती क्षारयुक्त, वरचा पापुद्रा कडक आणि खाली जराशी मऊ. चाक त्यात थोडंसं रुततं आणि स्वतःची चाकोरी पाडत जातं. चाकोरीच त्याला सरळ ठेवते. पण एकदा पडलेल्या चाकोरीत दुसऱ्यांदा जाता येत नाही, तिथली माती मोडलेली असते. दर धावेला शेजारी नवी पट्टी. म्हणून लांबीइतकीच रुंदीही लागते.

आणि खडे. इंजिनानं एखादा खडा आत ओढला तर इंजिन गेलं, आणि चाकाखाली आला तर काय होतं ते वर सांगितलंच. त्यावर यंत्र नाही. माणसं रांगेनं उभी राहून चालतात आणि वेचतात. थ्रस्टच्या वेळी जॉर्डनमधल्या अल-जाफरच्या वाळवंटात आणि पुढं ब्लॅक रॉकमध्ये स्वयंसेवकांनी हेच केलं. नंतर ताशी हजार मैलांचं लक्ष्य ठेवून ब्लडहाउंड नावाची गाडी बांधायला घेतली, तिच्यासाठी दक्षिण आफ्रिकेतलं हाकस्कीन पॅन निवडलं. नॉर्दर्न केप प्रांताच्या टोकाला, कालाहारीच्या कडेला. तिथल्या मीर समाजाच्या ३१७ माणसांनी दोन कोटी वीस लाख चौरस मीटर जमिनीवरून १६,५०० टन दगड हातानं वेचले. बायका होत्या, पुरुष होते, घमेली, फावडी आणि हात. ब्लडहाउंडबद्दल बोलताना मी ही संख्या कधी वगळत नाही. विक्रमाच्या पाटीवर चालकाचं नाव येतं, अभियंत्यांची येतात. ज्यांनी जमीन घडवली, त्यांना मी या गाडीच्या अभियंत्यांतच धरतो. जमीन हा त्या गाडीचा सर्वांत मोठा सुटा भाग आहे.

आता हवेकडं येऊ. इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

वेग दुप्पट झाला की हवेचा दाब चौपट होतो, हे शाळेत शिकलो. ताशी १२२८ला समोरून येणाऱ्या हवेचा दाब दर चौरस मीटरला साडेसहा टनांच्या घरात जातो. थ्रस्ट साडेसोळा मीटर लांब, पावणेचार मीटर रुंद आणि साधारण साडेदहा टन वजनाची. तिच्या पोटाचं क्षेत्रफळ ढोबळपणे चाळीस चौरस मीटर धरू. आता समजा, पोटाखालचा दाब पाठीवरच्या दाबापेक्षा जरासा जास्त झाला. किती? त्या साडेसहा टनांच्या शंभरात फक्त चार भाग. हिशेब करा. चौरस मीटरला पाव टनाहून थोडं जास्त, गुणिले चाळीस, म्हणजे साडेदहा टन. गाडीचं सगळं वजन तोलून धरलं गेलं. चाकं जमिनीला नुसती शिवलेली. याच्या पुढं ती उडेल, आणि उडायला लागलेली गाडी सरळ उडत नाही. नाक वर होतं, पोट हवेला दिसतं, मग काही सेकंदांत सगळं संपतं. थ्रस्ट-टूचा विक्रम झाल्यावर आकडेमोड केली तेव्हा कळलं की ती आणखी थोडा वेग घेती तर जमिनीवर राहिली नसती.

मग हवा गाडीला खाली दाबेल असा आकार द्यावा की. शर्यतीच्या गाडीत तेच करतात. पण इथं दहा-वीस टन खाली दाबलं तर चाक मातीत खोल रुतेल, बेअरिंग आणि सस्पेन्शन मोडेल. वरही नको, खालीही नको. शून्यापासून आवाजाच्या पलीकडच्या वेगापर्यंत तोल जवळपास सम राहायला हवा. आणि आवाजाचा वेग ओलांडताना हवेचं वागणंच बदलतं. त्याआधी हवेला पुढून वर्दी मिळते, ती बाजूला होते. नंतर वर्दी पोचतच नाही. हवा जागच्या जागी दबते आणि शॉक वेव्ह तयार होते. गाडीच्या पाठीवर एका ठिकाणी हवा आवाजाच्या पुढं गेलेली असते, पोटाखाली दुसऱ्या ठिकाणी अजून मागं असते, आणि दर दहा-वीस किलोमीटर वेगाला या जागा सरकतात. विमानाला त्यात हेलकावे बसले तर त्याच्याखाली दहा किलोमीटर रिकामी जागा असते. गाडीच्या खाली वीतभर.

हे कोडं ज्यांच्याकडं गेलं त्यांचं नाव रॉन एअर्स. क्षेपणास्त्रांच्या वायुगतिकीत उमेदीची वर्षं घालवलेले निवृत्त गृहस्थ. ब्लडहाउंड या क्षेपणास्त्रावर त्यांनी काम केलं होतं, पुढच्या गाडीला नाव तिथूनच मिळालं. नोबल त्यांच्याकडं थ्रस्ट एसएससीची कल्पना घेऊन गेले, तेव्हा हे करू नये असंच त्यांचं मत होतं. मग त्यांनी काय केलं, तर आपलं मत आकड्यांनी तपासायला घेतलं. अशा माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. नाही म्हणायचं, पण नाहीचाही हिशेब मांडायचा.

तपासणार कसं, हाच प्रश्न होता. विमानाची प्रतिकृती वाऱ्याच्या बोगद्यात ठेवतात. गाडीची ठेवली तर तिच्याखाली जमीनही आवाजापेक्षा जास्त वेगानं मागं धावायला हवी. असा पट्टा जगात कुठं नव्हता. जमीन स्थिर ठेवली तर तिच्यावर साचलेल्या संथ हवेच्या थरानं सगळे आकडे खोटे पडतात. म्हणून त्यांनी स्वान्सी विद्यापीठाच्या मंडळींकडून सुपरकॉम्प्युटरवर हवेचा प्रवाह मांडून घेतला. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्या गणितावर माणसाचा जीव टाकणं सोपं नव्हतं. ताळा हवा होता. मग गाडीची पंचविसावा हिस्सा आकाराची प्रतिकृती केली, तिच्यात दाब मोजणारी उपकरणं भरली, ती रॉकेटवर चालणाऱ्या घसरगाडीवर बसवली आणि रुळांवरून आवाजाच्या पलीकडच्या वेगानं सोडली. एकूण तेरा वेळा. ही चाचणी झाली पेंडाइनला. पॅरी-थॉमस जिथं गेला त्याच किनाऱ्यावरच्या संरक्षण खात्याच्या तळावर.

दोन्हीकडचे आकडे जुळले. संगणकाचे आणि रॉकेटचे दाब एका रेषेवर बसले, तेव्हा एअर्सनी आपलं मत बदललं आणि गाडी बांधायला सुरुवात झाली. मी निवृत्त झाल्यावर त्या आलेखाकडं एकदा निवांत बघत बसलो होतो. दोन वेगळ्या वाटांनी आलेले ठिपके एकमेकांवर पडलेले. तपासणी खात्यातल्या माणसाला याहून सुंदर चित्र दाखवू नका.

गाडीचा आकार या हवेच्या हिशेबातूनच आला. दोन जड इंजिनं पुढं, दोन्ही बाजूंना. मधल्या चिंचोळ्या भागात चालक. मागं निमुळती शेपटी. वजन पुढं आणि हवा धरणारं शेपटीचं पातं मागं, बाणासारखं. पण त्यानं एक भलताच पेच निर्माण केला. पुढची चाकं इंजिनांच्या पोटात गेली, त्यांना वळायला जागा नाही. वळवायची असतील तर मागची. आणि मागं शेपटी इतकी अरुंद की दोन चाकं शेजारी शेजारी बसत नाहीत. ग्लिन बाऊशर या यंत्ररचनाकारानं ती एकापाठोपाठ एक, जराशी आजूबाजूला सरकवून बसवली आणि सुकाणू त्यांनाच दिलं. इथं कुणी फोर्कलिफ्ट चालवली असेल त्याला हे ऐकून घाम फुटेल. मागून वळणारं वाहन सावकाश चाललं तरी शेपूट झटक्यानं बाहेर टाकतं. आवाजाच्या वेगाला काय करेल? त्यांनी तोंडी वाद घातला नाही. एक जुनी मिनी गाडी घेतली, तिच्या मागं तशीच पुढंमागं चाकं लावली, मागचं सुकाणू बसवलं आणि चालवून पाहिलं. चालली.

यात आणखी एक काम झालं, ते जेरेमी ब्लिस यांचं. गाडीचं नाक अंशाच्या छोट्याशा भागानं वर-खाली झालं तरी टनांचे जोर बदलतात, हे आपण पाहिलं. म्हणून मागचं सस्पेन्शन संगणकाच्या ताब्यात दिलं. ते धावेत सतत नाकाचा कोन सावरत राहिलं.

तरीही वाळवंटात गाडी सरळ पळाली, असं नाही. अँडी ग्रीनला आवाजाच्या वेगाजवळ सुकाणूचं चाक जोरानं एका बाजूला धरून ठेवावं लागे. गाडी पांढऱ्या रेषेवरून सरकत जाई आणि तो तिला परत आणी. अधल्यामधल्या वेगाला एक कठीण पट्टा असतो. हळू असताना चाकं माती धरतात. खूप वेगात शेपटीचं पातं हवा धरतं. मधे चाकांची पकड सुटत आलेली असते आणि पात्यात अजून पुरता जोर आलेला नसतो. तिथं गाडी चालकाच्या हातावर असते. इतर वैमानिकांना जे काम संगणक करून देतात, ते या माणसानं मनगटानं केलं. आणि वाऱ्याची भीती वेगळीच. १९९६च्या ऑक्टोबरमध्ये क्रेग ब्रीडलव्ह हे अमेरिकन विक्रमवीर याच ब्लॅक रॉकमध्ये ताशी हजारच्या पुढं असताना आडव्या वाऱ्यानं त्यांची गाडी एका कुशीवर कलंडली आणि मैलभराचा वळसा घेऊन थांबली. ते वाचले. एक वर्षानं थ्रस्टच्या शेजारीच तळ ठोकून ते पुन्हा प्रयत्न करत होते. वय साठ.

आता एक गोष्ट अशी, जी ना संगणकानं सांगितली ना रॉकेटच्या घसरगाडीनं. थ्रस्ट आवाजाच्या वेगाजवळ गेली तेव्हा तिला हिशेबापेक्षा जास्त अवरोध जाणवला. हवेचा हिशेब तर जुळला होता. मग हा जोर कुठून आला? उत्तर जमिनीत होतं. गाडीच्या पोटाखालच्या शॉक वेव्ह वाळवंटाच्या पापुद्र्यावर आपटत होत्या आणि माती फुटून भुकटी होत होती. पाण्यासारखी वाहू लागलेली ती भुकटी उसळून पोटावर आणि मागच्या चाकांवर मारा करत होती. म्हणजे गाडी नुसती हवा कापत नव्हती, धुळीचा फवारा कापत होती. संगणकातली जमीन कठीण, गुळगुळीत होती, आणि पेंडाइनला तर रूळच होते. जमीन स्वतः उठून या खेळात सामील होईल, हे कुणाच्या समीकरणात नव्हतं. मला या सगळ्या कथेत हा क्षण सर्वांत आवडतो. पुढं ब्लडहाउंडच्या आराखड्यात या फवाऱ्याच्या अवरोधाचा वेगळा हिशेब धरला गेला.

थांबण्याबद्दल थोडक्यात. आधी इंजिन बंद. तेवढ्यानंच हवा गाडीला इतक्या जोरात मागं खेचते की चालक पट्ट्यांवर लटकतो. मग पॅराशूट, आणि वेग बराच उतरल्यावर शेवटी चाकांचे ब्रेक. हा क्रम मोडला तर काय होतं ते ब्रीडलव्ह यांनीच १५ ऑक्टोबर १९६४ला बॉनव्हिलमध्ये अनुभवलं होतं. पॅराशूट गेलं, ब्रेक जळाले, गाडी तारेचे खांब तोडत खाऱ्या पाण्याच्या तळ्यात जाऊन बुडाली आणि ते पोहत बाहेर आले. थ्रस्टचा विक्रमही १५ ऑक्टोबरचाच, तेहतीस वर्षांनी.

त्या तारखेचीही एक हकिकत आहे. विक्रमासाठी एकाच पट्ट्यात एका तासाच्या आत दोन्ही दिशांनी धाव घ्यावी लागते, मग सरासरी. त्या तासात गाडी उलटी फिरवायची, इंधन भरायचं, नवी पॅराशूट बसवायची, चारही चाकं तपासायची, इंजिनं पुन्हा सुरू करायची. १३ ऑक्टोबरला गाडी दोन्ही दिशांनी आवाजाच्या पुढं गेली, पण तासाची मर्यादा मिनिटभराहून कमी वेळानं हुकली. विक्रम नाही. १४ तारखेला चक यीगरनं विमानातून आवाजाचा वेग ओलांडल्याला बरोबर पन्नास वर्षं होत होती. १५ तारखेला सगळं जमलं. पन्नास वर्षं आणि एक दिवस.

पैशाबद्दल कुणी विचारील म्हणून सांगतो. ही मंडळी कायम कंगाल होती. आधी अल-जाफरला गेले तर वाळवंटात पाऊस पडून तळं साचलं. अमेरिकेला गाडी न्यायला अंतोनोव विमान लागणार होतं आणि त्याच्या इंधनाला पैसे नव्हते. १९९७ साली, इंटरनेट नुकतं रांगत असताना, त्यांनी त्यावरूनच जगभरच्या लोकांना हाक घातली आणि लोकांनी गॅलनच्या हिशेबानं इंधन विकत घेऊन दिलं.

मघाशी प्रश्नांच्या चिठ्ठ्यांत एका विद्यार्थिनीनं विचारलंय, हजार मैलांच्या गाडीचं पुढं काय झालं? ब्लडहाउंडमध्ये टायफून विमानाचं ईजे-२०० जेट इंजिन आहे आणि सोबत रॉकेट बसवायची योजना. तिची चाकं ९०० मिलिमीटरची, प्रत्येकी नव्वद किलोंहून जड, मिनिटाला दहा हजार फेऱ्यांसाठी घडवलेली. घेरावर गुरुत्वाकर्षणाच्या पन्नास हजार पट जोर. एक ग्रॅम म्हणजे पन्नास किलो. २०१७ साली इंग्लंडात न्यूकी विमानतळाच्या धावपट्टीवर ती पहिल्यांदा पळाली. डांबरावर भरीव चाकं चालत नाहीत म्हणून लायटनिंग या जुन्या लढाऊ विमानाचे टायर लावले होते. २०१८मध्ये प्रकल्पाचे पैसे संपले. इयन वॉरहर्स्ट या उद्योजकानं तो विकत घेऊन वाचवला, आणि नोव्हेंबर २०१९मध्ये हाकस्कीन पॅनवर, भरीव चाकांवर, फक्त जेट वापरून अँडी ग्रीननं ताशी १०१० किलोमीटर गाठले. रॉकेट अजून बसलेलं नाही. थ्रस्ट आणि थ्रस्ट-टू या दोघी इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या वाहन संग्रहालयात आहेत. कुणी त्या बाजूला गेलात तर गर्दी इंजिनांच्या तोंडापाशी उभी असेल. तुम्ही वाका आणि चाकं बघा.

आणि हाकस्कीन पॅन तिथंच आहे. वेचलेले दगड कडेला आहेत. पाऊस आला की त्या पॅनवर वीतभर पाणी साचतं, गाडीनं पाडलेल्या चाकोऱ्या विरघळतात, गाळ बसतो, आणि ऊन लागलं की माती पुन्हा कडक व्हायला लागते.